मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचे चुकीचे जोड : उपचार आणि त्यांची फळे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कणकुंबी येथे भरलेल्या मेळाव्यातील भाषण)



चिटणीसांचे पत्र आले त्यात विषय म्हणून ‘आरोग्य’ एवढा एकच शब्द होता. एवढ्या रुंद विषयावर बोलू लागलो तर दुपारची पंगत संध्याकाळी बसावी लागेल. म्हणून आम्ही त्यांनाच उलट विचारले की, आपल्या वैद्यकीय साहाय्य समितीपुढे असा कोणता अर्ज आला की ज्यावर काय करावे हे समितीस सुचेना? त्यांनी फायलीतून दोन अर्ज काढून आमच्या पुढ्यात ठेवले. दोन्हींना रुग्णालयाचे कागद जोडलेले होते आणि दोन्हींवर रोगाच्या नावाऐवजी इंग्रजी आद्याक्षरे होती, एकावर डी. ए. व्ही. एफ. आणि दुसऱ्यावर ए. व्ही. एम. हे दोन्ही विकार एकाच कुळातले. मेंदूत अथवा मेंदूभोवती रक्तवाहिन्यांचा जेथे जोड नसावा तेथे जोड असणे, असा त्यांचा साधा अर्थ. विकार दुर्मिळ आहे हे खरे. पण या दोन अर्जांत दोन घरांचे सुखदुःख आणि न्यासाचा पैसा असे दोन्ही गुंतलेले होते, आणि वरवर पाहता जे करावेसे वाटत होते त्याच्या नेमके उलट करणे योग्य होते. म्हणून आज त्याविषयीच बोलावयाचे ठरविले.

प्रथम हा जोड म्हणजे काय ते पाहू. शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला असे दोन शब्द आपण सगळेच शिकलो आहोत. रोहिणी हृदयाकडून रक्त आणते आणि नीला ते परत नेते. या दोहोंच्या मध्ये केसाहून बारीक अशा केशवाहिन्यांचे जाळे असते. रोहिणीतील रक्ताचा दाब पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरांच्या आसपास, तर मेंदूच्या नीलांतील दाब जेमतेम पाच-दहा. एवढा मोठा दाब मधल्या जाळ्यात जिरतो, म्हणून तर पातळ भिंतीची नीला टिकून राहते.

तुम्हां शेतकरी मंडळींना हे आमच्यापेक्षा चांगले समजेल. डोंगरउतारावरच्या भातखाचरांत पाटाचे पाणी जोराने येते, खाचरात पसरते, मुरते, आणि उरलेले पाणी खालच्या चरातून हळूहळू ओहळाला मिळते. आता समजा, एखाद्या पावसात बांध फुटला आणि पाटाचे पाणी खाचर टाळून थेट चरात कोसळू लागले, तर दोन गोष्टी होतात. खाचर पाण्यावाचून सुकते आणि चराचे काठ ढासळू लागतात, कारण तो चर एवढ्या पाण्यासाठी खोदलेलाच नव्हता. मेंदूतही हेच होते. मधले केशवाहिन्यांचे जाळे टाळून रोहिणीचे रक्त थेट नीलेत पडू लागले की शेजारच्या भागाला रक्त कमी पडते, आणि दाबाखाली नीला फुगत जाऊन एखादे दिवशी फुटते.

(आमचा रोख कळसा नाल्याच्या कालव्याकडे आहे असे कोणी समजू नये. मलप्रभा या गावी उगम पावते, आणि याच गावच्या दुसऱ्या अंगाचे पाणी म्हादईला जाते. एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात न्यावे की न्यावे नाही, हा वाद लवादापर्यंत गेला, २०१८ साली निवाडाही झाला, तरी तंटा मिटला नाही. त्यात वैद्याने पडू नये.)

असा जोड दोन ठिकाणी आढळतो. खुद्द मेंदूच्या गाभ्यात वेड्यावाकड्या वाहिन्यांचा गुंता झालेला असतो, त्यास ए. व्ही. एम. म्हणतात. हा बहुधा तरुणपणी उघडकीस येतो. दुसरा प्रकार मेंदूवरच्या जाड आवरणातला. तो डी. ए. व्ही. एफ. हा बहुतेक वेळा पन्नाशी-साठीत उद्भवतो; आवरणातील एखादी मोठी नीला गुठळीने बंद पडल्यामुळे किंवा डोक्यास मार लागल्यामुळे तो होतो, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. तिसरा एक प्रकार डोळ्याच्या मागच्या पोकळीतला आहे. त्याविषयी पुढे सांगू, कारण आपल्या घाटरस्त्यांशी त्याचा संबंध येतो. तान्ह्या मुलांत आणखी एक प्रकार असतो. तो फार क्वचित दिसतो आणि त्याचा उपचार अगदी निराळा, म्हणून तो आज सोडून देतो.

या जोडांवर माणसाने कसकसे उपाय केले, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८०९ साली लंडनमध्ये बेंजामिन ट्रॅव्हर्स नावाच्या शल्यवैद्याकडे एक स्त्री आली. तिचा एक डोळा बाहेर आलेला होता, आणि नाडीबरोबर उडत होता. ट्रॅव्हर्स यांनी त्या बाजूची मानेतली मोठी रोहिणीच बांधून टाकली, आणि बाईला आराम पडला. दोष डोळ्याच्या खोबणीतच आहे अशी त्यांची समजूत होती. अशा रोग्यांत तो बहुधा खोबणीच्या मागे, कवटीच्या आत असतो, हे पुढे कळले. ही मान बांधण्याची रीत त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे चालली, पण सर्वांना गुण येईना. कारण उघड आहे. बांध फुटलेला तसाच ठेवून वरचा पाट अडवला, तर पाणी शेजारच्या चार पाटांतून वाट काढून त्याच भगदाडाकडे येते. या विकाराच्या उपचारातले सर्वांत मोठे तत्त्व हेच आहे, आणि ते अनुभवाने शिकावे लागले : भगदाडच बुजविले पाहिजे, आणि तेही नेमके जेथे रोहिणी संपून नीला सुरू होते तेथे. त्याच्या अलीकडे अडविले तर विकार परत येतो. त्याच्या पलीकडे, म्हणजे पाणी यायचे थांबविण्याआधीच चर बुजविला, तर सारे खाचर बुडते. म्हणजेच मेंदूत रक्तस्राव होतो.

पण भगदाड बुजवायचे तर ते दिसले पाहिजे. जिवंत माणसाच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्या प्रथम दाखविल्या त्या एगाश मोनिश या पोर्तुगीज वैद्याने, लिस्बन येथे, २८ जून १९२७ रोजी. रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे औषध सोडून त्याने छायाचित्रे घेतली. त्या दिवसांत चोर्ल्याच्या पलीकडे त्याच पोर्तुगालचे राज्य होते, ही गोष्ट येथे आठवल्यावाचून राहत नाही. मोनिश मोठा चमत्कारिक मनुष्य होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिसच्या शांतता परिषदेत पोर्तुगालच्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख होता. पुढे १९४९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले ते या चित्रांसाठी नव्हे, तर मनोरुग्णांच्या मेंदूचे दुवे तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. ती शस्त्रक्रिया आज टाकून दिली गेली आहे आणि तिचे नाव घेताना लोकांना संकोच वाटतो. चित्रे काढण्याची विद्या मात्र आजही रोज वापरली जाते. आमच्या मते पारितोषिक द्यायचे तर या दुसऱ्या कामासाठी द्यावयास हवे होते.

१९२८ साली अमेरिकेत कुशिंग आणि डँडी या दोघा थोर शल्यवैद्यांनी या गुंत्यांवर आपापले अनुभव प्रसिद्ध केले, त्यांचा सूर निराशेचा होता. हात लावावा तर रक्ताचा लोट आवरत नाही. चारच वर्षांनी, १९३२ साली, स्टॉकहोममध्ये ऑलिव्हेक्रोना यांनी असा एक गुंता समूळ काढून दाखविला. १९५३ साली सेल्डिंगर या दुसऱ्या स्वीडिश वैद्याने सुईवाटे तार आणि तारेवरून नळी सरकविण्याची युक्ती काढली. ती इतकी सोपी होती की आजही जांघेतून डोक्यापर्यंत नळी नेतात ती त्याच रीतीने. १९६० साली अमेरिकेत ल्युसेनहॉप आणि स्पेन्स यांनी रोहिणीत प्लास्टिकचे बारीक गोळे सोडून गुंता आतूनच बुजविण्याचा प्रयत्न केला. मॉस्कोच्या सर्बिनेंको यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा लावून तो आत नेऊन सोडला. त्यांचा लेख १९७४ साली इंग्रजीत आला तेव्हा साऱ्या जगाला ही गोष्ट कळली. मे दिनाच्या मिरवणुकीत मुलांच्या हातांतले दोरीवरचे फुगे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे.

आपल्याकडे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे काम स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी आणि १९५० साली मद्रासला डॉ. बी. रामामूर्ती यांनी. मुंबईत ज्यांनी या शाखेचा पाया घातला त्यांत डॉ. राम गिंडे हे नाव अग्रणी आहे, आणि ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातले, बैलहोंगलच्या गिंडे घराण्यातले. गायक के. जी. गिंडे हे त्यांचेच बंधू. एकाच घरातून स्वरांचा आणि मेंदूचा असे दोन जाणकार निघावेत, ही मलप्रभेच्या खोऱ्याला भूषणाची गोष्ट आहे. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्ष-किरण विभागाच्या डॉ. उदय लिमये यांनी नळीवाटे हे जोड आतून बुजविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. सार्वजनिक रुग्णालयात, गोरगरिबांसाठी झालेले हे काम आहे. त्रिवेंद्रमची श्रीचित्रा संस्था आणि बंगळूरचे निम्हान्स येथेही ते चालते.

आता ते दोन अर्ज. नावगाव सांगणार नाही. दोन्ही घरांची परवानगी घेऊनच हे बोलत आहोत.

पहिला अर्ज अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंचा. वर्ष-दीड वर्ष डाव्या कानात ठोके ऐकू येत. जात्याच्या घरघरीसारखा आवाज, पण नाडीच्या तालावर. रात्री निजल्यावर अधिक. पुढे त्या विसरू लागल्या. दूध उतू जाई, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारीत, रानातून परतताना घराची वाट चुकल्या. घरचे म्हणाले, साठी बुद्धी नाठी, दुसरे काय! शेवटी एका मुलीने हट्टाने बेळगावला नेले तेव्हा कानामागच्या आवरणातला जोड सापडला. मुंबईला न्या, असे सांगण्यात आले. अर्ज मुलीने केला होता आणि घरचे कर्ते पुरुष अनुत्सुक होते. वय झाले, आता या वयात डोक्याला कशाला हात लावायचा, असे त्यांचे म्हणणे. समितीतही तोच सूर निघाला होता.

दुसरा अर्ज चोवीस वर्षांच्या मुलाचा. मोटारसायकलवरून पडला, किरकोळ लागले, खबरदारी म्हणून डोक्याचे चित्र काढले, आणि त्यात भलतेच दिसले. डाव्या बाजूस वाचेच्या केंद्राजवळ चार सेंटिमीटरांचा गुंता. कधी फुटलेला नाही, फिट आलेली नाही, मुलास काही त्रास नाही. घरात आकांत. काका म्हणाले, जमीन विकू पण पोराचे डोके साफ करून आणू. समितीच्या मनातही त्यालाच आधी आणि भरघोस द्यावे असे होते. तरुण मुलगा, सारे आयुष्य पुढे! हे स्वाभाविकच होते.

आमचे म्हणणे असे पडले की, बाईंना ताबडतोब पाठवा आणि मुलाला थांबवा.

का, ते सांगतो. आवरणातल्या जोडाचे भवितव्य त्याचे रक्त कोठे उतरते यावर ठरते. ते आवरणातल्या रुंद नीलेत सरळ पुढे वाहून जात असेल, तर तो मोठ्या नाल्याला मिळालेला पाट समजावा. नाला मोठा आहे, त्यास ते पाणी जड नाही. असे शंभरांतले अठ्ठ्याण्णव रोगी वर्षानुवर्षे निर्धोक राहतात. कानातला आवाज सहन होत असेल तर काही करावे लागत नाही. (आवाज एकाएकी थांबला किंवा बदलला तर मात्र पुन्हा तपासणी करावी, दर वेळी ती आनंदाचीच बातमी असते असे नाही.) पण तेच रक्त उलटे फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या नाजूक नीलांत शिरत असेल, तर चरांत पाणी तुंबते. मेंदूचे रक्त निघून जावयास वाट राहत नाही, मेंदू दलदलीसारखा होतो, आणि माणूस विसरू लागतो, अडखळू लागतो. अशा रीतीने लक्षणे देऊन उघडकीस आलेल्या जोडांत दरवर्षी शंभरांत सुमारे सात जणांना रक्तस्राव होतो. उलटा प्रवाह आहे पण अजून असे लक्षण नाही, अशांत ते प्रमाण एक-दोनावर असते. बाईंचा प्रवाह उलटा होता. आणि येथे या विकाराची दयाळू बाजू आहे : अशा रीतीने आलेली विस्मृती, जोड वेळेवर बंद झाल्यास, पुष्कळदा परत फिरते. वार्धक्याच्या विस्मृतीवर ज्या काळी आम्ही वैद्य फारसे काही देऊ शकत नाही, त्या काळी हा एक विकार असा की ज्यात गेलेली बुद्धी परत येऊ शकते.

बाईंना मुंबईच्या एका सार्वजनिक रुग्णालयात नेले. डोके उघडावे लागले नाही. जांघेतून नळी वर नेऊन, आवरणाला रक्त देणाऱ्या रोहिणीतून जोडाच्या मुखाशी पोचून, तेथे एक दाट द्रव सोडला. तो लाव्ह्यासारखा हळूहळू सरकतो आणि नीलेच्या आरंभापर्यंत भरून घट्ट बसतो. या द्रवाबरोबरच्या औषधाने एक-दोन दिवस श्वासाला लसणासारखा वास येतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेले बरे, नाहीतर उगाच घाबरतात. दुसऱ्या एका जातीचा गोंदही वापरतात. तो रक्ताला लागताच घट्ट होतो. बाजारातल्या झटपट चिकटविण्याच्या गोंदाचाच तो सख्खा भाऊ. अनुभवी हातांत आवरणातले जोड अशा रीतीने शंभरांत ऐंशीच्या आसपास पुरते बंद होतात, उरलेल्यांना दुसरी खेप किंवा शस्त्रक्रिया लागते. धोका नाही असे नाही. द्रव भलत्या फांदीत गेला तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, दृष्टी जाऊ शकते, अर्धांगही होऊ शकते. थोड्यांना होते, पण ज्याला होते त्याच्यासाठी ते शंभर टक्के असते, हे सही करताना समजून घ्यावे.

बाईंचा आवाज टेबलावरच थांबला. विस्मृती तशी एकदम गेली नाही. तीन महिन्यांनी त्या घरातल्यांना नावाने हाक मारू लागल्या, सहा महिन्यांनी चुलीचा ताबा परत घेतला. सुनेच्या तक्रारीही आता पूर्वीसारख्या नीट लक्षात राहतात, असे मुलीनेच आम्हांला सांगितले.

मुलाचे प्रकरण इतके सोपे नाही, आणि ते सोपे करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेंदूतल्या गुंत्याची शस्त्रक्रिया किती अवघड, हे मोजण्याची एक पद्धत स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ साली घालून दिली. गुंता तीन सेंटिमीटरांच्या आत असेल तर एक गुण, सहापर्यंत दोन, त्यावर तीन; वाचा, हालचाल, दृष्टी अशा मोलाच्या जागी असेल तर आणखी एक; रक्त खोलवरच्या नीलेत उतरत असेल तर आणखी एक. एकूण पाच. एक-दोन गुणांचा गुंता कुशल शल्यवैद्य काढतो तेव्हा बहुतेक रोगी धडधाकट घरी जातात. या मुलाचे गुण चार आले. चार-पाच गुणांच्या गुंत्यावर चाकू चालवताना वाचा किंवा उजवा हातपाय गमावण्याची भीती मोठी असते. गामा किरणांचा उपाय आहे. लेक्सेल यांनी स्टॉकहोममध्ये १९६८ साली ते यंत्र उभे केले, आणि मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ते १९९७ साली आले. सुमारे दोनशे कोबाल्टचे किरण एका बिंदूवर एकवटतात. चाकू नाही, रक्त नाही. तीन सेंटिमीटरांच्या आतले गुंते शंभरांत सत्तर-ऐंशी बंद होतात, पण त्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर फुटण्याचे भय तसेच राहते. मोठ्या गुंत्यावर यश कमी आणि किरणांचा अपाय अधिक. नुसत्या नळीच्या उपचाराने गुंता समूळ जाणे तर थोड्यांच्याच बाबतीत घडते. तो बहुधा शस्त्रक्रियेची पूर्वतयारी म्हणून करतात.

मग थांबून काय होते? २००७ ते २०१३ या काळात अनेक देशांनी मिळून याच प्रश्नाची परीक्षा घेतली. ‘अरुबा’ या नावाने ती ओळखली जाते. कधीही न फुटलेल्या गुंत्याचे दोनशेच्या वर रोगी घेतले. निम्म्यांना चिठ्ठी टाकावी तसे केवळ औषधांवर ठेवले आणि निम्म्यांना काही ना काही उपचार दिला. सरासरी तेहतीस महिन्यांनी पाहिले, तो पहिल्या गटात शंभरांत दहा जणांना मेंदूचा झटका अथवा मृत्यू आला होता आणि उपचारांच्या गटात शंभरांत एकतीस जणांना. परीक्षा मध्येच थांबविण्यात आली. २०१४ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर वादळ उठले. टीकाकारांचे म्हणणेही पोकळ नाही. ते म्हणतात, तीन वर्षांचा हिशेब काय सांगता, गुंता तर जन्माचा सोबती आहे; आणि शस्त्रक्रियेने सहज सुटणारे रोगी त्या परीक्षेत फारच थोडे होते.

न फुटलेला गुंता वर्षाला शंभरांत साधारण दोन जणांत फुटतो. एका वर्षापुरते हे थोडे वाटते. पण तीस वर्षांचा हिशेब मांडला तर शंभरांत पंचेचाळीसच्या घरात जातो. चोवीस वर्षांच्या मुलाला हा आकडा सांगणे जिवावर येते. तरी आम्ही तो सांगितला, कारण डोके त्याचे आहे. दोन निरनिराळ्या संस्थांतील तज्ज्ञांनी आज हात लावू नये असे मत दिले. रक्तदाब ताब्यात ठेवावा, तंबाखू-सिगारेट सोडावी, ठरल्या वेळी चित्र काढावे, फिट आल्यास औषध सुरू करावे, आणि कधी फुटलाच तर उपचाराचा विचार नव्याने करावा. काकांना हे पटले नाही. जमीन विकायची तयारी असताना डॉक्टर नको म्हणतात, म्हणजे त्यांनी आशा सोडली, असा त्यांचा समज झाला. मुलगा मात्र शांत होता. त्याने एकच विचारले, “लग्न करायला हरकत नाही ना?” आम्ही म्हटले, “हरकत नाही. पण मुलीकडच्यांपासून लपवू नका.” ती बैठक झाली त्यास आता वर्ष होऊन गेले आहे. गेल्या महिन्यात काढलेले चित्र पूर्वीसारखेच आहे.

गुंता एकदा फुटला असता तर आमचे मत निराळे झाले असते, हे येथे स्पष्ट करतो. फुटलेला गुंता पहिल्या वर्षात पुन्हा फुटण्याचा संभव पुष्कळ वाढतो, आणि प्रत्येक रक्तस्रावात दहांतला एक तरी दगावतो, कित्येकांना कायमचे अपंगत्व येते. तेथे थांबण्याला तितका आधार राहत नाही.

आता डोळ्यामागचा जोड. चोर्ला घाटात मोटारसायकली किती पडतात हे येथे कोणास सांगावयास नको. माडा-पोफळीवरून, काजूवरून पडणारेही आहेत. डोक्याला जबर मार लागला की कधीकधी डोळ्यामागच्या पोकळीत मोठी रोहिणी फाटते आणि भोवतालच्या नीलेत रक्त ओतू लागते. कागदावर सी. सी. एफ. लिहितात तो हा विकार. अपघातानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, डोळा लाल होतो, सुजतो, बाहेर येतो, दोन-दोन दिसू लागते, आणि डोक्यात सूं-सूं आवाज येतो. घरचे डोळे आले म्हणून थेंब घालीत बसतात. येथे थांबण्यात दृष्टी जाते. प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी किंवा फुगा नळीने नेऊन तो जोड बंद करता येतो, आणि बहुसंख्य रोग्यांत तो बंद होतो. डोळा काही दिवसांत आत जातो. गेलेली नजर मात्र परत येईलच असे नाही. वयस्क स्त्रियांत याच जागी मारावाचून होणारा एक सौम्य जोड असतो. तो कित्येकदा आपोआपही मिटतो, पण नजर आणि डोळ्याचा दाब यांवर लक्ष ठेवावे लागते.

हे ओळखण्यास मोठे यंत्र लागत नाही, आणि आम्हांला आज सर्वांत आग्रहाने सांगावयाचे ते हेच. मिटलेल्या पापणीवर किंवा कानामागच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवला की पुष्कळदा तो आवाज डॉक्टरालाही ऐकू येतो. हे प्रत्येक गावच्या डॉक्टराला करता येते आणि त्यास पैसा लागत नाही. नाडीच्या तालावर कानात ठोका, मार लागल्यानंतरचा लाल डोळा, आयुष्यात प्रथमच आलेली फिट, वीज कोसळावी तशी एकाएकी उठलेली डोकेदुखी, आणि काही महिन्यांत झपाट्याने आलेला विसराळूपणा, यांपैकी काहीही झाले तर दाखवावे. फिट आली की कोणी गाऱ्हाणे घालतात, कोणी कौल लावतात. देवीपुढे गाऱ्हाणे घालावे, त्यास आमची ना नाही. पण गाडी त्याच दिवशी बेळगावला किंवा बांबोळीला निघावी.

समितीस दोन शब्द. अशा अर्जांत आपण नेहमी शस्त्रक्रियेच्या बिलाची वाट पाहतो. वास्तविक नळीच्या तपासणीसाठी, म्हणजे कागदावर डी. एस. ए. लिहितात त्यासाठी, आणि दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी, प्रवासाला आणि सोबत्याच्या मुक्कामाला पैसे आधी द्यावेत. रक्त कोठे उतरते हे त्या तपासणीवाचून नक्की कळत नाही, आणि पुढचा सारा निर्णय त्यावर आहे. उपचारानंतर पुन्हा एकदा तीच तपासणी करून जोड खरोखर बंद झाला की नाही हे पाहावे लागते. त्या खेपेला घरचे लोक खर्च टाळतात, म्हणून त्यासाठी रक्कम राखून ठेवावी. सरकारी आरोग्ययोजनेचे कार्ड असेल तर ते प्रथम वापरावे आणि न्यासाने कार्डाबाहेरचे तेवढे उचलावे. जमीन विकण्याची भाषा जेथे निघेल तेथे समितीच्या एखाद्या वडीलधाऱ्या सभासदाने त्या घरी जाऊन यावे. आणि तपासणीची तबकडी घरच्यांनी आपल्याजवळ जपून ठेवावी. रुग्णालय बदलले की नुसत्या अहवालावर कोणी मत देत नाही, ती चित्रेच पाहावी लागतात. तबकडी पिशवीत ठेवा, कपाळाला कुंकू लावून देव्हाऱ्यात नको. कुंकवाने ती खराब होते, हे आम्ही पाहिले आहे.

पंगतीची वेळ होत आली. स्टेथोस्कोप आम्ही बरोबर आणला आहे. ज्यांना कानात ठोका ऐकू येतो, किंवा ज्यांच्या घरी कोणी एकाएकी विसरू लागले आहे, त्यांनी जेवणानंतर मंडपाच्या उजव्या अंगाला येऊन भेटावे.